हरकत आहे का कुणाची?

ओमप्रकाश खानविलकर हा माणूस दुधाच्या पिशवीवरची तारीख दुकानदारासमोर दोनदा वाचायचा आणि वर विचारायचा, "ही छापली कुणी?" कुलूप लावलं की ओढून बघायचा, निम्मा जिना उतरून परत वर जायचा आणि पुन्हा ओढून बघायचा. मस्कतच्या कुरुम भागातल्या ज्या ट्रेडिंग कंपनीचं ऑफिस तो सांभाळायचा, तिथली पोरं त्याला हसायची. हसू देत मेली. पण लांज्याहून मस्कतला आल्यापासून त्याच्या हातून साधी किल्ली हरवली नव्हती, हेही तितकंच खरं.

अशा माणसाच्या हातात अर्बाबने एका देशाची निवडणूक दिली.

थट्टा नाही. त्याच्या अर्बाबचा, म्हणजे ओमानी मालकाचा, धंदा टाइल्सचा. पण तोमारा नावाच्या चिमुकल्या बेटांच्या देशाचा तो मस्कतमधला मानद कॉन्सुल होता. त्या देशाला इथे वकिलात परवडत नव्हती, म्हणून टाइल्सच्या शोरूमवरच्या मजल्यावर एक पाटी आणि एक झेंडा. तोमारा एवढासा, की नकाशात त्याचं नाव समुद्रात लिहावं लागतं. कारभार मात्र पुरा होता. संसद, पंतप्रधान, विरोधी पक्ष, रुसवेफुगवे, काही म्हणून कमी नाही. संसदेत एकवीस जागा आणि त्यातली एक परदेशात राहणाऱ्या नागरिकांची. यंदा बेटांवरचं मतदान आधी झालं आणि दोन्ही पक्षांना दहा-दहा जागा मिळाल्या. आता सरकार कुणाचं, हे ती एकच जागा ठरवणार होती. उभे होते दोघं. एक रायन नावाचा हॉटेलवाला आणि एक टेरेसा नावाची शाळेची हेडबाई.

"ओम," अर्बाब म्हणाला होता, "काम साफ होना. कोई शिकायत नहीं. फिर कॉन्सुलेट का काम तुम्हारा, और फॅमिली का पेपर मैं साइन करेगा, इन्शाल्ला."

फॅमिलीचा पेपर! म्हणजे बायको-लेकीचा व्हिसा. मैना लांज्यात, पूर्वा रत्नागिरीला कॉलेजात, आणि हा इथे रुवीतल्या एका खोलीत चार बाप्यांबरोबर. लग्नानंतरची अर्धी वर्षं फोनवर गेलेली. त्या सहीसाठी ओमप्रकाशने तोमाराच काय, चंद्रावरचीसुद्धा निवडणूक घेतली असती. तेव्हापासून त्याच्या तोंडात दुसरा शब्द नव्हता. मत, मतपेटी, मतपत्रिका, मतदार. झोपेतही तेच बडबडतो, अशी खोलीतल्या लोकांची तक्रार होती.

तोमाराच्या निवडणूक आयोगाने मतपत्रिका, शाई आणि पेटी देऊन एक बाई पाठवली. अ‍ॅग्नेस तिचं नाव. भरल्या अंगाची, हसतमुख, आणि पिशवीत विणकाम. विणकाम बघूनच ओमप्रकाशच्या मनात पाल चुकचुकली. निवडणूक घ्यायला आलेली बाई लोकर घेऊन येते?

आदल्या दिवशी दुपारी तिने त्याला पद्धत समजावली. मतदाराने दारात उभं राहून मोठ्याने आपलं नाव आणि गाव सांगायचं. अ‍ॅग्नेसने घंटी वाजवून विचारायचं, "हरकत आहे का कुणाची?" रांगेतलं कुणी बोललं नाही की मतदार खरा. मग मतपत्रिका द्यायची आणि बोटाला शाई लावायची. दार दिवसभर उघडं. मोजणी तिथेच, सगळ्यांसमोर, आणि निकाल फोनवरून राजधानीला.

"पण कुणी बोगस आला तर?" ओमप्रकाशने विचारलं.

"त्याच्या गावचं कुणीतरी रांगेत असतंच. ते बोलेल."

"आणि नाही बोललं तर?"

"तर त्याची जबाबदारी त्याच्यावर," अ‍ॅग्नेस सुई फिरवत म्हणाली. "आमच्याकडे गप्प बसणाराही मत देतो, मिस्टर ओम."

ओमप्रकाशला हे अजिबात पटलं नाही. हा देश आहे की कीर्तनाची बैठक? त्याने स्वतःचा म्हणून एक नियम केला आणि कागदावर छापून दाराला चिकटवला. मतदानाच्या जागी मोबाइल बंद. अ‍ॅग्नेस म्हणाली, याची गरज नाही. तो म्हणाला, आमच्याकडे असतं.

तेवढ्यात हवाबी चहा घेऊन आली. हवाबी ऑफिसात चहापाणी आणि साफसफाई बघायची. गाव रत्नागिरीजवळचं काळबादेवी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, राहायला वादी कबीरला. तिचा व्हिसा अर्बाबच्या कंपनीवर. ओमप्रकाशला ती ओमभाऊ म्हणायची आणि त्याच्या चहात न विचारता आलं घालायची. पूर्ण ऑफिसात फक्त तिच्यावरच त्याने कधी संशय घेतला नव्हता.

"ओमभाऊ," ती कप ठेवून म्हणाली, "आमच्या बिल्डिंगीत झरीन राहते ना, भोपाळची, तिच्या सनाची उद्या बोलणी आहेत. दुपारच्या, अस्रच्या नमाजानंतर. मुलगा माझ्याच नात्यातला."

"मग काय, मिठाई खा."

"झरीन म्हणते, हवाबी, मुलगा तुझ्या घरचा, तू म्हणशील ती पूर्व दिशा." ती हसली नाही. "तिला इथे दुसरं कोण आहे ओ? उद्यापर्यंत मला सांगायचंय, हो की नाही."

"सांगा की मग."

ती तिथेच उभी राहिली. ट्रेच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "तुमची पूर्वा केवढी झाली ओ भाऊ?"

"बाविशी पूर्ण होईल. का?"

"सनाच्याच वयाची," ती म्हणाली आणि गेली.

झालं! आता ओमप्रकाशच्या डोक्यात किडा. हिने पूर्वाचं वय का विचारलं? व्हिसाची बातमी हिला कुणी दिली? त्या रात्री त्याने कुलूप तीनदा ओढलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी मतदान सुरू झालं. हॉटेलांतले वेटर, दोन नर्स, बंदरातले खलाशी, मुलांना कडेवर घेतलेली जोडपी. तोमाराची ही सगळी माणसं एकमेकांना नावाने ओळखत होती. दारात उभं राहून माणूस नाव-गाव ओरडायचा, अ‍ॅग्नेस घंटी वाजवायची, "हरकत?" आणि मागून कुणीतरी म्हणायचं, "हरकत एवढीच, की याने माझी शिडी परत केलेली नाही!" सगळी खोली हसायची. ओमप्रकाश तेवढा हसत नव्हता. तो पेटीकडे बघत होता, माणसांच्या खिशांकडे बघत होता, आणि मधेमधे उघडं दार लोटायला जाऊन परत येत होता.

गर्दी जरा ओसरली तेव्हा तो पाणी प्यायला पँट्रीकडे गेला. पँट्रीचं दार अर्धवट लोटलेलं. आतून हवाबीचा आवाज आला, दबका आणि घाईचा.

"सुन, एकच बात बोलती मैं. रय्यान को मत देना. कोई कुछ भी बोले, रय्यान को मत देना! घर में सबको बोल के रख..."

ओमप्रकाशच्या पायाखालची फरशीच सरकली. रायनला मत देना! घरात सगळ्यांना सांगून ठेव! आणि रत्नागिरीची बाई रायनला रय्यान म्हणणार नाही तर काय म्हणणार? तोमाराच्या लोकांना हिंदीत प्रचार करून काय साधणार, असा प्रश्न एखाद्याला पडला असता. त्याला नाही पडला. हॉटेलांत ही माणसं दिवसभर हिंदी बोलणाऱ्यांबरोबर भांडी घासतात, न समजायला काय झालं? त्याने दार ढकललं. हवाबी फोन तोंडासमोर धरून, अंगठा दाबून व्हॉइस मेसेज बोलत होती. त्याने फोन हिसकावला. हिसक्यात अंगठा घसरला आणि रेकॉर्डिंग उडालं.

"ओमभाऊ! माझा फोन!"

"लाज नाही वाटत? इथे, या खोलीत?" तो कुजबुजत ओरडला. बाहेर अ‍ॅग्नेस होती. "मी सगळं ऐकलंय, हवाबी. सगळं!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ऐकलंत?" तिने दोन्ही हात जोडले. "भाऊ, पाया पडते. माझ्या भावाच्या कानावर जाऊ देऊ नका. जीव घेईल माझा."

"तुमचा भाऊपण आहे यात?"

"त्यानेच तर सगळं जुळवून आणलंय. मी एकटीच..."

"बस्स!" ओमप्रकाशने हात वर केला. म्हणजे टोळी होती तर! मवालेहच्या भाजी मार्केटात हिच्या भावाचा गाळा आहे, हॉटेलांना भाजी तोच पुरवतो, आणि रायन हॉटेलवाला. कसं एकाला एक जुळत गेलं! ज्याच्या मनात संशय येतो, त्याला पुरावे घरपोच मिळतात. "एक शब्द बोलू नका. तुम्ही आता बाहेर यायचं, माझ्यासमोर, पेटीजवळच्या खुर्चीवर बसायचं. मतदान संपेपर्यंत हलायचं नाही. गेलात तर परत यायचं नाही, आणि अर्बाबला काय सांगायचं ते मी सांगेन."

अर्बाबचं नाव काढलं की व्हिसाचं नाव काढल्यासारखंच. हवाबी त्याच्यामागून बाहेर आली आणि खुर्चीवर बसली. फोन त्याने आपल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. ओढूनही बघितलं.

दुपार चढत गेली. ड्रॉवरमध्ये फोन घरघरायला लागला. थांबला, पुन्हा घरघरला. हवाबी दर वेळी खुर्चीतून अर्धी उठायची.

"भाऊ, एकदा बघू द्या. एक मिनिट."

"पुराव्याला हात लावायचा नाही."

"कसला पुरावा ओ? एका पोरीचा प्रश्न आहे. नंबर पाठ असता तर कुणाच्याही फोनवरून केला असता, पण सगळे त्यातच आहेत."

पोरीचा प्रश्न! ओमप्रकाशला आतून हसू आलं. धरलं की माणसाला पोरंबाळं आठवतात. अ‍ॅग्नेसने सुई थांबवून विचारलं, "मिस्टर ओम, तिला फोन घेऊ द्या ना. कुणी आजारी असेल."

"नियम आहे मॅडम."

"तुमचा नियम आहे," अ‍ॅग्नेस म्हणाली, आणि खांदे उडवून पुन्हा विणायला लागली.

दारात एक म्हातारा खलाशी उभा राहिला, त्याने नाव सांगितलं. घंटी वाजली. अ‍ॅग्नेसने विचारलं. खोली गप्प. म्हाताऱ्याला मतपत्रिका मिळाली.

"ती बाई घंटी वाजवून काय विचारते ओ सारखी?" हवाबीने हळूच विचारलं.

"कुणाची हरकत आहे का, विचारते."

"आणि कुणी नाही बोललं तर?"

"तर मंजूर."

हवाबीने पदर तोंडाला लावला. तिचे डोळे भरून आले. ओमप्रकाशने ते नीट पाहिलं आणि मनात नोंदवून ठेवलं. पश्चात्ताप झाला बाईला. उशिरा का होईना.

लांबून मशिदीचा आवाज आला. अस्र. हवाबी ताडकन उठली. "भाऊ, अल्लाची शपथ, आता तरी द्या! आता बसतील ते लोक. चार माणसांत मी कसं सांगू तुम्हाला, घरची गोष्ट आहे, माझ्या सख्ख्या भावाची इज्जत..."

"खाली बसा," तो म्हणाला. रांगेतले दोघं-तिघं बघायला लागले होते. अशा वेळी गडबड झाली तर शिकायत होणार आणि शिकायत झाली तर सही जाणार. मैनाचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. "हवाबी, शेवटचं सांगतो. बसा."

ती उभीच होती. दाराकडे बघत होती, जिन्याकडे बघत होती. मग हळूहळू बसली. त्या वेळी तिच्या मनात काय चाललं होतं, ते त्याला कुठून कळणार? त्याला एवढंच दिसलं, की त्याने बाईला जागेवर बसवलं.

संध्याकाळी पेटी उघडली. अ‍ॅग्नेसने एकेक मतपत्रिका उलगडून सगळ्यांना दाखवली आणि टेबलावर दोन ढीग केले. टेरेसाचा ढीग वाढत गेला. रायनला बोटांवर मोजण्याइतकी मतं पडली. रायनच्या बाजूच्या एका वेटरने स्वतः टाळ्या वाजवल्या, शिडी न देणाऱ्याने शिडीच्या मालकाला मिठी मारली, आणि अ‍ॅग्नेसने फोनवर राजधानीला निकाल सांगितला. एक शिकायत नाही. ओमप्रकाशची छाती फुगली. आपण वेळेवर धरलं म्हणून, नाहीतर तो रायन आला असता!

अर्बाब वर येऊन सगळ्यांशी हात मिळवून गेला. "मबरूक, ओम! खलास. संडे को फॅमिली का पेपर लेके आना."

इतकं साधं. इतकी वर्षं अडलेली गोष्ट, आणि एका वाक्यात झाली. ओमप्रकाशचे कान गरम झाले. मैनाला फोन करायला हात शिवशिवत होते. अ‍ॅग्नेस शिक्कामोर्तब केलेली पिशवी घेऊन गेली, माणसं पांगली. मग त्याला हवाबीची आठवण झाली. आज त्याचं मन मोठं झालं होतं. त्याने ठरवलं, अर्बाबला काही सांगायचं नाही. कोकणातली बाई, जाऊ दे.

त्याने ड्रॉवर उघडला आणि फोन तिच्या हातात दिला. "घ्या. आता करा हवा तेवढा प्रचार. या वेळी सोडून दिलं तुम्हाला."

स्क्रीनवर झरीनचे मिस्ड कॉल एकाखाली एक. शेवटी एक व्हॉइस मेसेज. तिने तो दाबला आणि झरीनचा आवाज रिकाम्या खोलीत घुमला. मागे बायकांचा गलका, बांगड्या.

"हवाबी, कितने फोन किए तुमको! सबके सामने पूछा मैंने, किसी को एतराज़ है क्या. तुम्हारा भी रास्ता देखा. तुम कुछ नहीं बोलीं, तो मैं समझी तुम्हारी हाँ है. हमने ज़बान दे दी. मुबारक हो! सना अब तुम्हारे रय्यान की."

मेसेज संपला.

"रय्यान कोण?" त्याने विचारलं. खरं तर विचारण्याआधीच त्याला कळलं होतं.

"माझ्या भावाचा मुलगा. भावाच्याच गाळ्यावर असतो, मवालेहला." हवाबी फोनकडे बघत होती. "त्याची पहिली बायको हर्णैला माहेरी आहे. हात मोडून पाठवली तिला. माझ्या भावाने सगळं झाकलं. आमच्या घरात मला एकटीला ठाऊक होतं, आणि रात्रभर जागून मी ठरवलं होतं, की झरीनला सांगायचं. भाऊ तुटला तर तुटला."

"पण... तुम्ही तर म्हणत होता, मत देना..."

"देऊ नको म्हणत होते मी!" ती इतकी ओरडली, की खाली शोरूममध्येसुद्धा ऐकू गेलं असेल. "रय्यानला पोरगी देऊ नको! झरीन भोपाळची आहे, तिला मी मराठीत सांगू? हिंदी आहे ती ओमभाऊ, हिंदी! तुम्ही काय ऐकलंत?"

रोज उठून हिंदी बोलणारा माणूस. 'पानी मत गिराना', 'फाइल मत भूलना', दिवसातून शंभरदा तोंडात असलेला शब्द. हिंदीत कुणी व्होटला मत म्हणत नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. त्या खुर्चीसमोर, त्या टेबलाशेजारी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" तो कसाबसा म्हणाला.

"तुम्ही म्हणालात, सगळं ऐकलंय. मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तरी तुम्ही फोन देत नाही. मला वाटलं, बाप्येमाणसं सगळी एक." तिने डोळे पुसले. "आणि मी बसून राहिले. व्हिसा जाईल म्हणून बसून राहिले. ते माझं मी बघेन अल्लाजवळ."

"चला," ओमप्रकाश म्हणाला. किल्ल्या शोधायला लागला, हातातच होत्या. "चला, मी येतो. आत्ता जाऊ वादी कबीरला. मी सांगतो त्यांना, माझी चूक झाली म्हणून. बोलणीच आहेत, मोडता येतात."

"सांगणार तर मी आहेच. सोडते की काय!" हवाबीने टेबलावरचे उष्टे कप ट्रेमध्ये गोळा केले. सवयीने केले, खळखळ आवाज करत. "पण सकाळी सांगितलं असतं, तर मी सनाची खाला होते, मावशी होते. आता जबान दिल्यावर सांगितलं, तर भावाचं घर फोडणारी बाई. आता माझं कोण ऐकतंय? ती बाई दिवसभर इथे घंटी वाजवून विचारत होती, हरकत आहे का कुणाची. इथे कुणाचीच नव्हती, भाऊ. जिथे होती, तिथलं माणूस तुम्ही इथे पेटीजवळ बसवून ठेवलंत."

ओमप्रकाशच्या खिशात फोन वाजला. मैनाचा होता. पूर्वाला घेऊन बसली असेल, बातमीची वाट बघत. त्याने तो उचलला नाही.

हवाबी ट्रे घेऊन दारापर्यंत गेली आणि वळली.

"तुमचा रायन पडला ना, ओमभाऊ?"

"पडला."

"माझा निवडून आला."